वाघजाईने दिलेला कौल

लोणावळा,
ता. ११ डिसेंबर १९३८

तीर्थस्वरूप चिंतामणीमामांना पद्मजाचा वाकून नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. थंडीने आत्याचे गुडघे धरलेत, त्यामुळे चूल माझ्याकडे आहे. दुसरे कारण पुढे येईलच. मामींना सांगा, डिंकाचे लाडू पोचले आणि आत्याने मला चवीपुरतेच दिले.

काम चालू आहे. सकाळच्या गाडीने मळवलीला उतरते आणि भाजे गावावरून डोंगरातल्या वाघजाईच्या राईत जाते. ज्यांचा अभ्यास करते त्या शेकरांना आता माझी सवय झाली आहे. एक मादी तर नेमकी माझ्या डोक्यावरच्या फांदीवर बसून उंबरे खाते आणि उष्टे माझ्या अंगावर टाकते. पण मी फार थकले आहे, मामा. चढणीने नव्हे.

मला शिष्यवृत्ती देणाऱ्या मंडळाचे पत्र तुम्ही पाहिले असेलच. तुम्ही सभासद, तेव्हा मसुदाही तुमचाच असेल अशी मला शंका आहे. शिष्यवृत्ती पुढे चालायची असेल तर नर, मादी आणि पिल्लू यांची कातडी पाठवा, त्यावाचून राई राखीव करण्याचे सरकारपुढे मांडता येत नाही. म्हणजे कोणाला वाचवायचे ते सरकारला कळावे म्हणून आधी त्यांनाच मारायचे.

मी एक पळवाट काढली होती. त्या राईतून वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही अशी गावाची रीत आहे. सरुबाईंच्या ओसरीवर मी दुपारची भाकरी खाते. त्या तर राईच्या तोंडाशी माझ्या पातळाला चिकटलेली कुसळे वेचून आत टाकतात. तेव्हा गावाला विचारावे, गाव नाही म्हणेल, आणि तसे मंडळाला कळवावे, असा माझा बेत होता. रखमाजी गुरवांना सगळे सांगितले. कातडी गेली नाहीत तर माझे शिक्षण थांबेल, हेही बोलून गेले. तिथेच चुकले.

ते म्हणाले, देवीला कौल लावू. मंगळवारी सगळे जमले. वाघजाईच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर होकार. डावी पडली. मला हायसे वाटले, लपवत नाही. पण सरुबाई उठून देवीपुढे गेल्या.

"आये, पोरीचं शिक्षान आडलंय. तुजी लेकरं लय हायती, तिला ह्ये येकच हाय. फिरून बग."

पुन्हा लावला. पुन्हा डावीच. ही माणसे स्वतःचे जनावर हरवले तरी देवीला एकदाच विचारतात आणि मिळेल ते उत्तर घेऊन घरी जातात. माझ्यासाठी त्यांनी तिसऱ्यांदा विचारले, आणि उजवी पडली. सगळ्यांना इतका आनंद झाला की गूळ वाटला. "आता बिनघोर न्या, बाई," रखमाजी म्हणाले. तो गूळ मी पदराच्या गाठीत बांधून ठेवला.

आत्या म्हणते, देवीनेच दिले, आता तुझे काय अडले? तुम्हीही हेच म्हणाल. तुम्ही मंडळात माझ्यासाठी शब्द टाकला होता. मुलगी रानात काय टिकणार, असे म्हणणारे आता तुम्हाला ऐकवतील, त्याचे मला वाईट वाटते. एम.एस्सी. राहील, त्याचे त्याहून जास्त वाटते. काल राईत बसून पोटभर रडले.

तरी कातडी येणार नाहीत. गावाची आडकाठी आहे असे मंडळात सांगू नका, ते खोटे होईल. गावाने दिले, देवीने दिले. नको म्हणणारी मी एकटीच उरले आहे, तेव्हा नकार माझ्याच नावावर घाला.

गावाला मात्र अजून काही सांगितलेले नाही. सरुबाईंनी कार्ल्याच्या शिकाऱ्याला निरोप धाडला आहे. आज तो बंदूक घेऊन राईशी येईल, आणि सगळे गाव माझ्या भल्यासाठी त्याच्यासोबत उभे असेल. ज्यांनी माझ्यापायी आपल्या देवीशी हुज्जत घातली, त्यांना मी हे नको कसे म्हणू, ते मला सुचत नाही. पत्र पेटीत टाकते आणि तशीच मळवलीची गाडी धरते.

तुमच्या शब्दाला न जागलेली,
पद्मजा