सूर्यचुलीची वही

बाई, मागच्या आठवड्यात मला ऊर्जानगरला एका सभेत बोलायला बोलावलं होतं. देशाची वीज कोळशावर चालावी की उन्हावर, असा विषय. निवृत्त माणसांना अशा सभांत पुढच्या रांगेत बसवतात आणि शेवटी पाच मिनिटं देतात. दोन्हीकडची तरुण मंडळी तावातावाने बोलत होती. एकजण म्हणाला, जहाजांतून येणाऱ्या तेलावर हा देश किती दिवस उभा राहणार? तेच वाक्य मी चांद्याच्या मुलींच्या शाळेत, सातवीच्या वर्गात, तुमच्या तोंडून ऐकलं होतं. मग एक इंजिनिअर मुलगी उठली. म्हणाली, संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा सूर्य नसतो, त्याचं काय ते आधी सांगा. पुन्हा गोंधळ. मला एकदम थकवा आला. वयाचा नव्हे. हा प्रश्न मला तेरा वर्षांची असल्यापासून माहीत आहे आणि तुमच्यापासून तो मीच लपवला, म्हणून.

ती सूर्यचूल तुम्ही नागपूरच्या प्रदर्शनातून आणली होती. बैलगाडीच्या चाकाएवढी ॲल्युमिनियमची चकचकीत ताटली, मध्ये भांडं ठेवायला लोखंडी कडी; सूर्य सरकेल तशी ताटली फिरवायची. मोटारीच्या टपावर बांधून आणलीत आणि वाटेत प्रत्येक थांब्यावर उतरून दोरी तपासलीत, असं तुम्हीच सांगितलंत. वर्गात म्हणालात, रेल्वेला कोळसा लागणार, कारखान्यांना लागणार, विजेला लागणार. आपण तो भात शिजवायला जाळतो. लाकूड जाळावं तर जंगल किती पुरणार? आणि ऊन तर चांद्याइतकं कुठे आहे. माझे वडील खदानीत होते, खदान कामगारांच्या घरांच्या आमच्या लाईनीतल्या प्रत्येक दारापुढे सकाळी, शेगडीत घालण्याआधी, कोळशाचा ढीग धूर जाईपर्यंत जळत असायचा, आणि तो धूर आईच्या छातीत बसला होता. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत चूल तुम्ही माझ्याकडे दिलीत. सोबत एक वही. काय शिजवलं, कधी ठेवलं, कधी उतरवलं, आकाश कसं होतं, असे रकाने तुम्ही स्वतः आखले होते.

पहिले तीन दिवस वही खरी आहे. पहिल्या दिवशी भात झाला आणि आई खरोखर हसली. दुसऱ्या दिवशी अंगणात वरण ठेवलं तर शेजारची काकू कुंपणावरून वाकून गंजात, त्या पातेल्यात, बघायला लागली. "काय वं, आज वरणात पाणीच पाणी! दाय संपली काय?" आई म्हणाली, "नाई वं, सूर्याले पातळच आवडते." काकू हसत गेली. पण डाळ खरंच संपत आली होती. तिसऱ्या दिवशी आईने ताटली उचलून भिंतीला टेकवली.

मी चिडले. म्हटलं, बाईंना काय सांगू?

"सांग तुह्या बाईले, चूल चांगली हाये. पण माह्या गंजात काय हाये ते साऱ्या लाईनीले दाखवाचं नाई मले. अन् सकाई पाच वाजता तुह्या बापाले डबा लागते. तवा तुह्या बाईचा सूर्य कुठी राह्यते? दुपारी शिजवू, तं त्या उन्हात चूल फिरवत कोण उभी राहीन? बाई येते काय?"

एवढं बोलून ती शेगडी फुंकायला बसली आणि खोकत राहिली.

तिचं बोलणं जसंच्या तसं वहीत लिहायला दहा ओळी पुरल्या असत्या. मी काय केलं? उरलेली सुट्टी सावलीत बसून रकाने भरले. भात, पाऊण तास. वरण, दीड तास. आकाश निरभ्र. सगळेच दिवस चांगले आले तर तुम्हाला शंका येईल एवढं कळत होतं, म्हणून एका दिवशी ढग आणले आणि बटाटे कच्चे ठेवले. वर्षभरापूर्वी तापमापीवरचा आकडा मी घाईत सांगितला तेव्हा तुम्ही सगळ्या वर्गासमोर विचारलं होतंत, "वाचलास की ठरवलास?" तरीही.

तुम्ही वही उभ्याउभ्याच वाचलीत आणि नागपूरला, प्रदर्शनवाल्यांकडे, पाठवलीत. दिवाळीनंतर आमच्या लाईनीसाठी सहा चुली आल्या. बायकांनी त्या आदराने घेतल्या, हळदकुंकू वाहिलं. महिन्याने तुम्ही बघायला आलात. मी तुमच्या मागे चालते आहे. एका ताटलीत बोरं वाळत पडली आहेत. एक पालथी घातली आहे आणि तिच्याखाली कोंबडी पिल्लं घेऊन बसली आहे. आमच्या दारात तुमची जुनी चूल राखेने घासून लखलखीत करून भिंतीला टेकवलेली. तुम्ही आईला विचारता, "तुमच्याकडे तर रोज चालायची ना?" आई माझ्याकडे बघते. फार वेळ नाही.

"चालत होती, बाई," ती म्हणते. "आता थंडी लागली नं."

तिने मला त्यावर कधीही एक शब्द विचारला नाही. तुम्ही परतताना म्हणालात, "माझंच चुकलं. बायकांना समजावून सांगायला मी कमी पडले." त्यानंतर सूर्याचा विषय तुम्ही वर्गात काढला नाहीत. पुस्तकातलं शिकवलंत, नीट शिकवलंत, आणि काही वर्षांनी चांदा सोडून गेलात. आईचा प्रश्न तुमच्यापर्यंत पोचला असता तर तुम्ही गप्प बसला नसता. भुशाने भरलेली पेटी केली असती, दुपारची ऊब पहाटेपर्यंत धरून ठेवायची खटपट केली असती. जमलं नसतंही. पण चूक बायकांच्या समजुतीत नव्हती, हे तरी तुम्हाला कळलं असतं.

माझी नोकरी वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत, कोळशाची राख मोजण्यात गेली. हाताखालच्यांचे अहवाल मी परत पाठवत असे. खोटा आकडा मला बघताक्षणी कळतो. माझ्याबद्दल म्हणायचे, बाई कडक आहेत. त्या सभेत मी पाच मिनिटांत एवढंच सांगितलं, की कोळसा असो की ऊन, जिला पहाटे डबा करायचा आहे तिला आधी विचारा. टाळ्या झाल्या. वहीबद्दल बोलले नाही.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं असतं असं नाही. कारण एक गोष्ट उरते. त्याच वहीमुळे, माझी शाळा संपत आली तेव्हा, तुम्ही आमच्या घरी दुसऱ्यांदा आलात, वडिलांसमोर खाटेवर बसलात आणि म्हणालात, या मुलीला कॉलेजात पाठवा, ही निरीक्षण करते. वडिलांचा विचार माझं लग्न उरकायचा होता. तुमच्या शब्दावर तो थांबला. वहीत आईचा खरा प्रश्न असता तरी तुम्ही आला असता का? बहुधा आला असता. पण तेव्हाची ती मुलगी आज समोर आली, तर मी तिला खूप रागावेन, बाई. वही पुन्हा, खरी लिही असं मात्र सांगणार नाही.