वीस ऑगस्टला कुणीही माझ्या मातीला येऊ नये

मी, सुभान लालमहंमद तांबोळी, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा वकिली, राहणार शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. ते आणायचा प्रयत्न तीस वर्षांत पुष्कळांनी केला आणि हात हलवत परत गेले. डॉक्टरांच्या मते माझ्या हृदयाचा भरवसा राहिलेला नाही. डोके मात्र ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने गेल्या सोमवारी मी गिरणीच्या मॅनेजरची घेतलेली उलटतपासणी काढून वाचावी.

१. राहते घर मी १९५७ साली, धडधाकट असताना, माझी मुलगी रशिदा हिला बक्षीस देऊन ताबाही दिलेला आहे. तेव्हापासून मी तिच्या घरात राहतो आणि तिची बोलणी खातो. या घराबद्दल कुणी वाद काढू नये.

२. बाकी जे आहे त्याचा तिसरा हिस्सा मला मर्जीप्रमाणे देता येतो. उरलेले शरियतप्रमाणे निम्मे रशिदाला आणि निम्मे माझा धाकटा भाऊ पाशा याला जाईल. पाशा दौंडला असतो आणि शेंगा फोडायच्या गिरणीला गोणपाट पुरवतो. त्याच्याशी मी वर्षभर बोललेलो नाही. त्याचा वाटा मला कमी करता येत नाही, आणि येत असता तरी मी केला नसता. हे शेवटचे वाक्य मी दोनदा खोडले होते, पण राहू दे.

भांडण कशावरून झाले तेही लिहून ठेवतो. त्या गिरणीत पिण्याच्या पाण्याचे दोन माठ होते. एक सगळ्यांचा, आणि दुसरा दाराबाहेर, ज्यांचा विटाळ मानतात अशा बायांसाठी. त्यांतलीच राहू गावची पुतळाबाई गेल्या वर्षी एप्रिलात आत गेली आणि आतल्या माठातले पाणी प्याली. तिला त्याच दुपारी कामावरून काढले. तेव्हा शेजारी शेंगा निवडत बसलेली वच्छलाबाई, जी स्वतः आतल्या माठाचे पाणी पिणारी, सूप खाली ठेवून उठली आणि तिच्यामागे आणखी पाच जणी उठल्या. मालकाने सातही जणींना घरी बसवले. मालकाचे नाव मी लिहीत नाही. माझ्या मृत्युपत्रात त्याला जागा नाही.

मालकाची तडजोड घेऊन पाशाच माझ्याकडे आला होता. सगळ्यांना कामावर घेतो, पण माठ दोन राहतील. म्हणाला, "भाई, दोन माठांनी काय बिघडतंय? पानी तर एकाच हिरीचं हाय." मी म्हणालो, "हेच मी कोर्टात सांगणार आहे." आणि सांगितलेही. पाशा, तुझे ते एक वाक्य माझ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा उपयोगी पडले. त्याबद्दल मी तुला माफ करतो.

३. माझी कायद्याची पुस्तके, टाइपरायटर आणि काळा कोट माझे सहकारी वकील सोपानराव, राहणार मांडवगण फराटा, यांना द्यावेत. कोट त्यांना ढगळ होईल, तो शिंप्याकडून बेताचा करून घ्यावा. सोपानरावांचा अभ्यास माझ्यापेक्षा चांगला आहे. दोष एकच, न्यायाधीशांनी जरा भुवई उंचावली की ते खाली बसतात. माझा कोट घालून बसू नये, एवढीच अट. वकील मेला की त्याचे वकीलपत्र संपते. म्हणून सातही जणींचे अंगठे मी सोपानरावांच्या वकीलपत्रावरही घेऊन ठेवले आहेत.

४. माझ्या कचेरीतला तांब्याचा हंडा माझी पत्नी खुर्शिद हिचा, तिच्या माहेरचा. येईल त्या पक्षकाराने त्यातलेच पाणी प्यावे, कुणी वेगळे मागितले तर त्याला वेगळा वकील दाखवावा, असे तिचे सांगणे होते. हा हंडा पुतळाबाईला द्यावा. सात जणी ज्या दिवशी परत कामावर जातील त्या दिवशी तो भरून गिरणीत आत ठेवावा.

५. हे कलम सगळ्यांत महत्त्वाचे, आणि लिहायला सगळ्यांत जड.

मार्च १९५६ मध्ये खुर्शिद वारली. त्या वेळी मी शिरूरच्या एका तेलगिरणीतून काढलेल्या अकरा हमालांचा दावा चालवत होतो. जनाज्याला अकराही जण आले. आळीपाळीने खांदा दिला, माती दिली. एवढी माणसे आपल्या बायकोसाठी आली म्हणून त्या दुःखातही मला अभिमान वाटला. तिसऱ्या दिवशी डायरी उघडली. दाव्याची तारीख जनाज्याच्याच दिवशी होती. पुण्याला कोर्टात तीनदा पुकारा झाला आणि आमच्या बाजूने एकही माणूस उभा नव्हता. दावा गैरहजेरीत काढून टाकला. तो परत उघडावा म्हणून मी वर्षभर धडपडलो. उघडला नाही. अकरा जण कामासाठी अकरा गावांना पांगले.

तारीख मी विसरलो होतो. ते बेफिकीर नव्हते, त्यांनी माझ्यावर विसंबून तारीख लक्षात ठेवली नव्हती. त्यांतला हौसराव मला म्हणाला, "सायेब, काम गेलं तेचं वाईट वाटतंय, पर खांदा दिला तेचं न्हाई." त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला जास्त बरे वाटले असते.

म्हणून लिहितो. सोमवार, २० ऑगस्ट १९६२ रोजी पुण्याला पुतळाबाईची उलटतपासणी आहे. त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी मी मेलो, तर सात जणींपैकी कुणीही आणि सोपानरावांनीही शिरूरला येऊ नये. दौंडहून सकाळची पुण्याची गाडी धरावी. रशिदाने कुणासाठी न थांबता मला दफन करावे. मालकाला वाटेल की वकील मेला, बाया रडत शिरूरला गेल्या. त्याला अकरा वाजता सातही जणी समोर दिसल्या पाहिजेत.

काल पुतळाबाईला हे वाचून दाखवले. ती भडकली. "म्हंजी आमी माती द्याला यायाचंच न्हाई? लोक थुकतील की तोंडावर!"

"लोकांना तारीख सांगा," मी म्हणालो.

ती उठून हंड्यातले पाणी प्याली. मग म्हणाली, "बरं. पर माझी बी एक अट लिवा. तारीख होईस्तवर तुमी मरायचं न्हाई."

ही अट मी मान्य करतो. मात्र ती माझ्यावर कोर्टामार्फत बजावता येणार नाही, हे तिला समजावून सांगितले आहे.

आपण मातीला गेलो नाही याची कुणाला फारच रुखरुख लागली, तर त्यांनी पुण्याहून परतल्यावर सवडीने कब्रस्तानात यावे आणि पुढची तारीख मला मोठ्याने सांगावी. मी एकदा विसरलेलो आहे.

ठिकाण शिरूर, रविवार, दिनांक ५ ऑगस्ट १९६२.

सही: सुभान लालमहंमद तांबोळी

आमच्यासमक्ष वकीलसाहेबांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:

१. दगडोबा, शाळामास्तर, शिरूर. सही.

२. हौसराव, हमाल, साहेबांच्या निरोपावरून आलो. सही. (१९५६ च्या दाव्यात अंगठा होता. आता सही येते. वीस तारखेला पुण्याला मी बी जातो.)