सभासद क्रमांक एकोणीस

सान्ता ब्रिहिदा,
३ जून १९९१

ती. ताईस,
गुआल्बेर्तोचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कुशल तू कळवत नाहीस आणि आमचं विचारत नाहीस, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. आमच्या बार्रान्का क्लबचा आघाडीवीर लेदेस्मा याच्यावर लीगच्या शिस्त समितीनं वर्षभराची बंदी घातली आहे. आमच्या बावीस गोलांपैकी पंधरा त्याचे. अंतिम सामना २८ जुलैला, घरच्या मैदानावर, पुएर्तो नुएवोशी. सव्वीस वर्षांनी आम्ही इथवर पोचलो आणि पायच कापून घेतला!

आरोप काय, तर त्यानं रेफरीला मैदानाच्या कडेच्या चरात ढकललं. मी सभासदांच्या सज्जात तिसऱ्या रांगेत होतो. रेफरी घसरला. माझ्या शेजारी आमचा अध्यक्ष इलारियो होता, तोच तो बेकरीवाला, माझा चाळीस वर्षांपासूनचा पत्त्यांतला जोडीदार. तोही म्हणाला, घसरला. चारशे माणसं म्हणाली, घसरला. इलारियोचं तर म्हणणं असं, की यंदा चरच रेषेच्या जवळ सरकला आहे.

समितीची बैठक दहा मिनिटांत उरकली. लेदेस्माला बोलावणं नाही, विचारणं नाही. निकाल बेकरीच्या दारावर चिकटवला, तो त्यानं पाव घ्यायला गेला असताना वाचला. तू अठरा वर्षं अपील कोर्टात बसलीस. लोकांना वाचून दाखवता येईल असं चार ओळींचं काही लिही. नेलिदानं बिहीची वडी बसनं पाठवली आहे.

रागव, पण उत्तर धाड.

तुझा,
गुआल्बेर्तो


मोन्तेविदेओ,
९ जून १९९१

चि. गुआल्बेर्तो यास,
अ. उ. आ.

वडी आणि पत्र दोन्ही पोहोचले. वडी निर्दोष आहे.

पत्राविषयी तसे म्हणवत नाही. चारशे माणसांनी रेफरी पडताना पाहिला आणि एकानेही कारण पाहिले नाही. इतके एकमत मी न्यायालयात फक्त मृत्युपत्राच्या खटल्यांत, एकाच घरातल्या साक्षीदारांमध्ये पाहिले आहे. चर जवळ सरकला असेल, तर बंदी चरावर घालावी, अशी मागणी तुमच्या अध्यक्षांनी अद्याप का केली नाही, हे समजत नाही. शिवाय सामना संपल्यावर लेदेस्माने स्वतःचा टॉवेल रेफरीला दिल्याचे इथल्या वर्तमानपत्रातही आले आहे. दुसऱ्याच्या घसरण्याबद्दल इतका पश्चात्ताप सहसा कोणाला होत नाही. सारांश, वस्तुस्थितीवर तुमची बाजू शून्य आहे.

कायद्यावर मात्र ती अभेद्य आहे. हे मी तुमच्या प्रेमापोटी लिहीत नाही. तर्कातली चूक कोणाच्याही लाभाची असो, मला ती सहन होत नाही, एवढेच. ज्याचे म्हणणे ऐकले नाही, त्याला शिक्षा होत नाही, फक्त त्याचा अपमान होतो. तो नऊ वेळा दोषी असला, तरी त्याला ऐकलेच पाहिजे. हा नियम मुळात दोषींसाठीच आहे. निर्दोष माणसे न विचारताही बोलतात. कोणताही दंडाधिकारी हा हुकूम पाव तासात रद्द ठरवील.

हे तुझ्या ज्ञानासाठी आहे, वापरासाठी नव्हे. चेंडूच्या भांडणात सरकारी न्यायालय आणणे म्हणजे माशी मारायला तोफ ओढत नेणे. पत्र खणात ठेव आणि खणाला कुलूप लाव.

लोभ आहे, तो वाढवण्यास सबळ कारण द्यावे.

ओर्तेन्सिया


सान्ता ब्रिहिदा,
२८ जून १९९१

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खणाला कुलूप नव्हतं.

ताई, जिंकलो! काल कोर्टानं लेदेस्मावरची बंदी रद्द केली. अर्ज माझ्या नावानं होता. लेदेस्मा लाजाळू, दूध डेअरीतल्या नोकरीला जपणारा. तो कोर्टाची पायरी चढेना. क्लबची कार्यकारिणीही कचरत होती. तेव्हा इलारियो म्हणाला, तू सभासद आहेस, क्रमांक एकोणीस, बाबांचा क्रमांक, तुझ्याहून मोठा हक्कदार कोण? तुझा कायद्याचा परिच्छेद मी अर्जात जसाच्या तसा उतरवला. फक्त ते 'नऊ वेळा दोषी' तेवढं वगळलं.

न्यायाधीशबाई राजधानीतून नव्यानं आल्या आहेत. सुनावणीत त्यांनी विचारलं, एका बाजूला खेळाडू किती असतात. पण निकाल अठरा मिनिटांत! तुझा अंदाज तीन मिनिटांनी चुकला.

मग गावात जे झालं ते काय सांगू. अग्निशामक दलाचा बंब भोंगा वाजवत चौकाला सात फेऱ्या मारून आला. आग कुठं लागली म्हणून दोन म्हाताऱ्या बादल्या घेऊन धावल्या. पाद्रीबाबा आधी म्हणाले, घंटा देवासाठी आहे, आणि मग स्वतःच दोराला लोंबकळले. खाटकानं न्यायाधीशबाईंच्या नावानं नवं सॉसेज काढलं आहे. गेल्या महिन्यापर्यंत जी मंडळी कोर्टाला चोरांचा अड्डा म्हणत होती, ती आता छातीवर हात ठेवून म्हणतात, की देश तरला आहे तो न्यायसंस्थेमुळे. बेकरीत पाव संपला म्हणून सांगितलं, तर गिऱ्हाईक म्हणतं, माझं म्हणणं ऐकून न घेता कसा संपला?

मला खांद्यावर घेऊन मिरवलं. डावा पाय इलारियोनं धरला होता. टोपी हरवली, पण एकसष्टाव्या वर्षी टोपी हरवावी तर अशी! लेदेस्मा घरी आभार मानायला आला, नेलिदाच्या चार पुऱ्या खाल्ल्या आणि हळूच विचारून गेला, की आता खेळावंच लागेल का, कारण घोटा दुखतो आहे.

सगळं श्रेय तुझं. तू मनातून खूश आहेस, हे मला ठाऊक आहे, नाकारू नकोस.

तुझा,
गुआल्बेर्तो


मोन्तेविदेओ,
४ जुलै १९९१

चि. गुआल्बेर्तो यास,
अ. उ. आ.

तुझे पत्र दोनदा वाचले. दुसऱ्यांदा उभी राहून. न्यायनिर्णय बिनचूक आहे, याबद्दल त्या बाईंचे अभिनंदन. सॉसेजबद्दल त्यांना माझी सहानुभूती.

आता लीगच्या नियमावलीतले कलम सत्तावीस काढ. तुमच्यापैकी कोणी ती नियमावली उघडली असेल, अशी माझी समजूत नाही, म्हणून मजकूर देते. ‘कोणत्याही क्लबच्या सभासदाने लीगचा वाद सरकारी न्यायालयात नेल्यास त्या क्लबचे नाव त्या वर्षीच्या स्पर्धेतून कमी केले जाईल, मात्र लीगची नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत क्लबने सर्वसाधारण सभेत, त्या सभासदाचे म्हणणे ऐकून, त्याला कायमचे काढून टाकल्यास हे कलम लागू होणार नाही.’

मला ते पाठ आहे, कारण ते मी लिहिले. कुलूप लाव म्हणताना ते तुला सांगितले नाही, ही माझी चूक. १९५४ साली बाबा लीगचे पहिले चिटणीस झाले आणि घरात नुकतीच वकील झालेली मुलगी होती. दोन क्लब तेव्हा एका चेंडूच्या मालकीवरून न्यायालयात गेले होते, आणि असे पुन्हा होऊ नये, अशी बाबांची इच्छा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठवड्याभरात ती नियमावली तयार झाली. मी तीस वर्षांची होते. ‘कायमचे’ हा शब्द मला फार देखणा वाटला होता.

गेले दोन दिवस मी ते कलम मोडण्याचा प्रयत्न करीत आहे. दुर्दैवाने ते उत्तम बांधलेले आहे. खटला मागे घेऊनही उपयोग नाही. दोष न्यायालयात जाण्याचा आहे, जिंकण्याचा नव्हे. लीगमध्ये कोणी ना कोणी वाचता येणारा असेलच. त्याला ते सापडले, की एकतर क्लब जाईल, नाहीतर तू.

युक्तिवाद तुला मी दिला. कलम त्यांना मी दिले. आपल्या घराण्यात वकील एकच झाली आणि ती दोन्ही पक्षांकडून उभी राहिली.

लोभ आहे. आज त्यावर विनोद सुचत नाही.

ओर्तेन्सिया


सान्ता ब्रिहिदा,
१९ जुलै १९९१

ती. वन्संना,
नेलिदाचा शि. सा. न. वि. वि.

यांच्या हातून पत्र होत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

तुमचं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी लीगची नोटीस आली. रविवारी क्लबात सभा झाली. मी दाराशी उभी राहून सगळं पाहिलं. इलारियोनं कलम वाचलं. कोणाला कळलं नाही, म्हणून पुन्हा वाचायला लावलं. कळलं तेव्हा आधी मोठा गलका झाला. लीगचं कार्यालय जाळू म्हणाले, एकोणीस नंबरच्या केसाला हात लावून दाखवा म्हणाले. मग कोणीतरी विचारलं, की समजा काढलंच, तर लेदेस्मा अठ्ठावीसला खेळेल ना? वन्सं, त्यानंतर कार्यालय जाळायचं कोणी नाव काढलं नाही. मागून एक आवाज आला, की गुआल्बेर्तो मोठ्या मनाचा माणूस आहे, तो समजून घेईल. झालं! पुढची दहा मिनिटं सगळ्यांना यांचं मन मोठं दिसायला लागलं. एकजण म्हणाला, एवढं मोठं मन तर आख्ख्या खोऱ्यात नाही. दुसरा म्हणाला, अशा माणसाला साधं सभासद म्हणणं हाच त्याचा अपमान.

कलमाप्रमाणे यांना बोलायला सांगितलं. हे उठले आणि म्हणाले, की ठराव मीच मांडतो, म्हणजे कोणाच्या डोक्याला ताप नको. दोनशे अकरा हात वर झाले. विरोधी एकही नाही. इलारियोनं एक हात वर केला आणि दुसऱ्यानं तोंड झाकलं. आधी आभाराचा ठराव, त्याच पानावर हकालपट्टीचा. आधी हार, मग दार. सगळे उभं राहून कितीतरी वेळ टाळ्या वाजवत होते, आणि टाळ्या चालू असतानाच चिटणिसानं यांचं कार्ड मागून घेतलं.

आता रस्ता ओलांडून लोक हात मिळवायला येतात. इलारियो रोज सकाळी गरम पाव पाठवतो, स्वतः येत नाही. पाव तसाच पडून राहतो. हे दुकानात लोकांची घड्याळं उघडून बसतात आणि मिटून ठेवतात. सामन्याला जाणार नाही म्हणतात. तेहतीस वर्षांत घरचा एकही सामना चुकला नाही, आजारपणातही. सभासदांचं फाटक आता बंद. उरला तो नदीकडचा बांध, गोलाच्या मागचा, तिकीटवाल्यांचा. म्हणतात, माझ्याच घरात तिकीट काढून शिरू काय? रेडिओवर सामन्याचं नाव निघालं, की उठून बंद करतात.

तुम्ही भावंडं एकमेकांना कलमं लिहिता. एकदा कलमाशिवाय काही लिहा ना. तुमचं ते ऐकतील.

तुमची,
नेलिदा


मोन्तेविदेओ,
२२ जुलै १९९१

चि. गुआल्बेर्तो यास,
अ. उ. आ.

कलमाशिवाय पत्र लिहावे, अशी नेलिदाची सूचना आहे. मला तो सराव नाही. एक कलम लिहिते, शेवटचे.

नियमावलीचे कलम चार, सभासद कोणास होता येईल: ‘गावात राहणारा सज्ञान पुरुष.’ चाल जुनीच होती, बाबांनी सांगितले आणि मी लिहिले. ‘पुरुष’ हा शब्द माझ्या हस्ताक्षरात आहे. मी टीपकागदाने तो नीट टिपला आणि पुढच्या कलमाकडे वळले. दोष सांगायचा तर बाबांचा अर्धा, आणि वकील म्हणून माझा दीड. तो शब्द १९७२ साली गाळला, असे कळते. तोवर मला या शहरात येऊन बरीच वर्षे झाली होती.

बाबा गेले, तेव्हा त्यांचा क्रमांक तुझ्याकडे गेला. थोरली मी होते. ऑफसाइड म्हणजे काय, हे तुला सूपच्या चमच्यांनी टेबलावर मांडून मीच शिकवले होते. माझे म्हणणे कोणी ऐकले नाही. पण मी म्हणालेही नव्हते, तेव्हा तक्रार उभी राहत नाही. ही केवळ नोंद आहे.

नदीकडच्या बांधाची मात्र माहिती तुला नाही आणि मला आहे. वयाच्या सहाव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत मी तिथे आईशेजारी बसले. तिथून जवळचा गोल दिसतो. पलीकडचा मधल्या उंचवट्याआड जातो. तिथे काय घडले, हे आवाजावरून ओळखायचे. गोल झाला तर आवाज एकदम येतो. हुकला तर आधी श्वास येतो, मग आवाज. आई विणकाम करता करता न चुकता सांगायची. सज्जातल्या तुम्हा लोकांना हे कधी शिकावे लागले नाही. तिथे बसणारी माणसे परकी नव्हती. सज्जातल्या निम्म्या पुरुषांच्या बायका आणि बहिणी होत्या. ते घर तुझ्याइतकेच त्यांचेही होते. तिकीट त्या काढत होत्या.

मी शनिवारच्या दोनच्या बसने येत आहे. रविवारची तीन तिकिटे काढ, नेलिदाचेही. येर्बाच्या चहाचा तुंबा आणि थर्मास मी आणते. उशा तुम्ही आणा, बांध ओला असतो. लेदेस्माने गोल केला, तर टाळ्या वाजवीन. त्याने पुन्हा कोणाला चरात ढकलले, तर मात्र मी ते पाहिले, असे सांगेन.

इलारियोचा पाव खा. अन्नावर राग धरू नये. परंतु त्याला माझ्याकडून एवढे कळव, की रडत रडत दिलेले मतही मतच असते.

लोभ असावा, त्याला सभासदत्वाची अट नाही.

ओर्तेन्सिया


सान्ता ब्रिहिदा,
२५ जुलै १९९१

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज खिडकीवर जाऊन तीन तिकिटं काढली. आयुष्यातली पहिली. किती माणसं, असं खिडकीतल्या माणसानं विचारलं, तर मी नुसती बोटं दाखवली.

वळतो तर रांगेत माझ्या मागे इलारियो. मी म्हटलं, अध्यक्षांची खुर्ची सज्जात असते. तो म्हणाला, असते. मी तुझा निरोप शब्दशः सांगितला. त्यावर तो म्हणाला, ताईंनी बरोबर लिहिलं आहे, आणि खिडकीशी जाऊन बांधाचं एक तिकीट मागून घेतलं. मी म्हटलं, तिकिटानं जागा मिळते, शेजार मिळत नाही. तोही म्हणाला, नाहीच मिळत, आणि तिकीट खिशात घालून पाव काढायचे आहेत म्हणून निघून गेला.

तुझी बस येईल तेव्हा मी स्थानकावर आहेच. नेलिदा जुन्या कोटाच्या उशा शिवते आहे. तीन झाल्या. चौथी शिवायची की नाही, हा निर्णय ती तुझ्याकडे सोपवते आहे.

तुझा,
गुआल्बेर्तो