देवीला बोललेलं वजन

आंधळगाव,
२२ नोव्हेंबर १९८६

प्रिय भोजराज,

तुझं पत्र दिवाळी झाल्यावर लगेच मिळालं. उत्तर दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. पहिल्यात मी चिडलेली होते, दुसऱ्यात फारच समजूतदार झाले होते, आणि दोन्ही मला खरी वाटेनात. तू लिहिलंस, ताई, आईच्या समाधानासाठी चार महिने पोटभर जेव, अंगावर थोडं चढू दे, माघात तुला पारड्यात बसवून देवीला बोललेला भार करून टाकू, मग पुन्हा उतरव. प्रेमानं लिहिलंस, हे कळतं. पण तूच मागे सांगितलं होतंस ना, तुमच्या कारखान्यातली भट्टी एकदा थंड होऊ दिली की पुन्हा चालू करताना सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं म्हणून? माझं थोडं तसंच समज.

अठ्ठ्याहत्तरला ऑपरेशनसाठी मुंबईला तूच मला घेऊन गेला होतास. तुमसर रोडला गाडीत चढताना दोघांनी मला वर ओढलं आणि तू खालून ढकललंस, आणि मग लाजेनं नागपूर येईपर्यंत आपण एकमेकांकडे पाहिलं नाही. पस्तिशी नुकतीच उलटलेली होती. शाळेच्या वरच्या वर्गात जायचं तर जिन्यात थांबून दम घ्यावा लागे, झोपेत श्वास अडके, रक्तात साखर. अमेरिकेत शिकून आलेल्या त्या सर्जननी कागदावर पोटाचं चित्र काढून दाखवलं. जठराचा वरचा एवढासा तुकडा ठेवायचा आणि तो आतड्याला जोडायचा. तू विचारलंस, हे परत वाढतं का? ते म्हणाले, पहिली दोन वर्षं सोपी जातील, पुढची यांची यांना निभवायची आहेत. ते वाक्य तुझ्या लक्षात आहे का? माझ्या तर ते कितीतरी वर्षांनी लक्षात आलं. त्या वेळी मला फक्त जिवंत परत यायचं होतं.

आणि आई इकडे देवीसमोर बोलून बसली होती, पोरगी सुखरूप घरी आली तर तिच्या भाराएवढं धान वाहीन. त्या दिवशी माझा भार एकशे अठरा किलो होता.

पहिली दोन वर्षं खरंच सोपी गेली. वाटीभर भातात पोट भरायचं. ऑपरेशनमुळे गोड खाल्लं की घाम फुटे, हात कापत, पडून राहावं लागे, त्यामुळे मोह व्हायचाच नाही. लुगडी नेसताना निऱ्या वाढल्या. गावातल्या बाया मला ओळखत नसल्याचं नाटक करून आईला विचारायच्या, "देवकीबाई, हे पाहुनी कोन आनली व?" मला ते आवडायचं, आणि आवडतं म्हणून स्वतःचा रागही यायचा. मग एक दिवस शाळेत गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि काहीच झालं नाही. घाम नाही, कापरं नाही. तुला सांगते, त्या दिवशी मला जेवढी भीती वाटली तेवढी ऑपरेशनच्या टेबलावरही वाटली नव्हती. ऑपरेशनचा पहारा उठतो आणि भूक परत येते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

जेवणात मी कधीच घसरले नाही. घसरले ती मधल्या वेळांत. चहातली साखर, कोणाच्या बारशाचा पेढा, संध्याकाळी वह्या तपासताना मुठीमुठीनं मुरमुरे. ब्याऐंशीच्या पावसाळ्यात ब्लाऊजचे हूक तुटले तेव्हा मी शिंप्याला दोष दिला. धनीरामच्या राइस मिलच्या काट्यावर जाऊन उभी राहिले तेव्हा कळलं. गावात माणूस तोलेल असा दुसरा काटा नाही. धनीराम पोत्यांचं वजन ओरडून सांगतो तसं माझंही ओरडला. हमाल हसले. मी त्याला म्हटलं, माझं हळू सांगत जा. तो म्हणाला, "बाई, सवय हाय जी, तोंडातून निघून जाते." तेव्हापासून महिन्यातून एकदा मी तिथे जाते आणि तो माझा आकडा खाली वाकून, गुपित सांगावं तसा सांगतो. त्यामुळे हमाल आता जास्तच हसतात.

चढलेलं उतरवायला मला दीड वर्ष लागलं, आणि त्या वेळी ऑपरेशन मदतीला नव्हतं. लोक म्हणतात, तुमचं काय बाई, तुमचं तं कापूनच टाकलं. माझं रोजचं ठरलेलं आहे. रोज आधी वरण किंवा मासा, मग भात, पाणी नंतर. शाळेत जाताना तळ्याच्या पाळीवरून लांबचा रस्ता. पंगतीत बसायचंच नाही, वाढायला उभं राहायचं, म्हणजे आग्रह माझ्या हातात राहतो. हे मी असं लिहिते आहे जणू फार जमलंय. काही दिवस जमत नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वरणापासून सुरू करते. एवढंच मला येतं. आज मी सत्तर किलो आहे आणि सत्तरच राहणार आहे.

आता आईचं. घरी आल्यावर पहिल्याच वर्षी भार करायचा होता. पण आई मला पाहून म्हणाली, "आता कसं करू? बोलली तवा तू केवढी होतीस. आता येवढ्याशा पोरीचं धान नेलं तं देवी म्हनन, देवकी, मले फसवलं." मी म्हटलं, एकशे अठरा किलो धान मोजून वाहू, वर चार पायल्या जास्त घालू. तर म्हणाली, "ते दान झालं. भार नाही झाला. भारात मानूस बसा लागते, अन् पारडं आपोआप सम व्हा लागते." पुजाऱ्यांना विचारून पाहिलं. त्यांनी सांगितलं, बोलणारीचं मन मानेल तसं करा. म्हणजे प्रश्न पुन्हा आमच्या चुलीजवळ. तेव्हापासून ती माझी तब्येत "भरून येण्याची" वाट पाहते आहे. मी काय काय करून उतरवलं ते तिच्या डोळ्यांसमोर झालं, आणि दर वेळी तिला वाटलं की तिचा नवस आणखी लांब गेला. ती वाईट नाही, भोजराज. माझ्या ताटात मागून भात टाकणारा तो हात मी कितीदा धरलाय, आणि धरल्यावर दिवसभर मला वाटत राहिलंय की मी माझ्या हट्टासाठी एका म्हातारीला देवीची देणेकरी ठेवलं आहे. तुझं पत्र मला लागलं ते म्हणूनच. तू नवीन काही लिहिलं नव्हतंस.

जे मी तुला कळवलं नव्हतं ते आता लिहिते. दसऱ्यापासून आईनं जेवण टाकलं होतं. रुसून नाही. म्हणायची, "तू खात नाही तं मले बी जात नाही." सकाळी पेज, रात्री दोन घास. मी माझी वाटी तिच्यासमोर खायची आणि ती माझ्याकडे पाहत बसायची. एका रात्री मी हरले होते. दुसरी वाटी वाढून घेतली. घास उचलला, आणि मग विचार केला, ही वाटी खाल्ली तर उद्याची कोण अडवणार? वाटी तिच्यापुढे सरकवली. तिनं ती मांजराला घातली.

गेल्या रविवारी ती हट्टानं माझ्याबरोबर मिलवर आली. मी खरंच सत्तर किलो आहे की तिला खोटा आकडा सांगते, हे तिला स्वतः पाहायचं होतं. मी काट्यावर चढले. आई शेजारी उभी होती, तिला चक्कर आली, आणि तिनं मला धरून एक पाय, मग दुसरा पाय काट्यावर टाकला. मी तिला कमरेशी धरून ठेवलं. धनीरामला काय, त्यानं वजनं सरकवली आणि सवयीनं ओरडला, "एकशे दहा!" सगळे हसले. मी हसले नाही. आईला खाली उतरवून पोत्यावर बसवलं आणि विचारलं, आई, माणूस बसावं लागतं म्हणतेस, पण एकच बसावं असं तू बोलली होतीस का? तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "नाही व. पोरगी घरी आली तं, येवढंच बोलली. पोटात होती तवा तं आपन एकाच पारड्यात होतो." आणि लगेच, "पर एकशे अठरा पायजे. आठ कमी हाय." मी म्हटलं, माझे वाढणार नाहीत. ती म्हणाली, "तुले कोन म्हनते? मी खाईन."

ही पळवाट आहे का, हे मी स्वतःला तेव्हापासून विचारते आहे. देवीचं मला ठाऊक नाही. पण त्या संध्याकाळपासून आई जेवते. काल तिनं तिखट घालून मासा मागितला आणि भात दुसऱ्यांदा घेतला. मी वाढला, आणि आग्रह केला नाही.

आता मी हे पत्र का लिहिते ते. तुमसरच्या डॉक्टरांनी काल तिला तपासलं. हृदय फार थकलंय, म्हणाले, खाते आहे ते चांगलं, पण माघ पौर्णिमेचं काही सांगता येत नाही. आठ किलो तिच्या अंगावर आता चढणार नाहीत, हे तिलाही कळत असावं, कारण सकाळी तिनं मला सांगितलं, "कमी भरलं तं देवीशी मी बोलीन, तू मधात पडू नको." म्हणून माघ नको. पुढच्या रविवारी, तीस तारखेलाच भार करायचा. देवळातल्या सागवानी पारड्यात मी तिला मांडीवर घेऊन बसणार आहे. समोरच्या पारड्यात धान ओतायचं काम भावाचं असतं, ते दुसऱ्या कोणाकडून ती करवून घेणार नाही. सुट्टी मिळो न मिळो, शनिवारी रात्रीपर्यंत ये. आणि मला खा म्हणून सांगायला येऊ नकोस. मी सत्तरच्या सत्तर भरेन. बाकीचं तिला आणि देवीला ठरवू दे.

तुझी वाट पाहणारी,
तुझीच,
सत्यभामाताई