बाही पुरी होईपर्यंत

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

वन्सं,

नमस्कार. आमची खुशाली लिहीत नाही. ती तुम्ही साऱ्या नात्यात वाटतच आहात. "माझा भाऊ वाळून काटकी झालाय, तिला शिलाई मशीन सुटत नाही," हे तुमचे शब्द माझ्या आईपर्यंत पोचले. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते.

अर्धांगाच्या झटक्यानंतर पुनर्वसन केंद्रातून त्यांना घरी आणून पाच महिने झाले. तिथे तिघं मिळून जे करायचे, ते मी एकटी करते. उजवा हात अजून लोंबतो. घास गालात अडकतो, तो बोटाने काढावा लागतो. शब्द दोनच, "नको" आणि "ए". तहान, लघवी, राग, सगळ्याला "ए". तुम्ही दोन तास आलात, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवून रडलात, आणि जाताना चहा फिका झाला म्हणालात.

आता त्यांच्या गुडघ्याचं. मी बाजारात गेले असताना ते बाथरूममध्ये पडले, असं तुम्हाला कळवलं होतं. खोटं कळवलं. मी घरातच होते, ब्लाउजची बाही जोडत होते. धपकन आवाज आला, मग "ए". पुन्हा "ए". मी ऐकलं, आणि मशीन थांबवलं नाही. बाही पुरी केली, दोरा तोडला, मग उठले. ते ओल्या फरशीवर होते, गुडघा फुटलेला.

केंद्रात दर बुधवारी आजाऱ्यांना सांभाळणाऱ्यांची बैठक असते. तीन बुधवार इतरांचं ऐकून परत आले, परवा माझं सांगून टाकलं. शेजारी एक कंडक्टर होता, बायकोला सांभाळणारा. तो म्हणाला, "मी रेडिओ मोठा करतो." मला तिथे कुणी शहाणपण शिकवलं नाही, हे तुम्ही ध्यानात घ्या.

घरी येऊन त्यांनाही सांगितलं. बराच वेळ त्यांचा जबडा नुसता हलत राहिला. मग म्हणाले, "मा... हीत."

पाच महिन्यांतला तिसरा शब्द. तो बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. परवापासून माझ्या हातून जेवत नाहीत. शेजारीण भरवते तेवढंच खातात.

तुमच्या हातचं खातील. मला तुम्ही नको आहात, पण त्यांना हव्या आहात. रविवारी या, राहायच्या तयारीने. घास कुठे अडकतो ते दाखवते.

माफी तुमच्याकडे मागणार नाही. ती ज्यांच्याकडे मागायची, त्यांच्या उशाशी रोज बसते.

तुमच्या भावाची बायको,
अजून तरी