तीन गावांची कार्डे

मी, जालिंदर धोंडीबा होवाळ, वय एकोणसाठ, लष्करी पेन्शनर, मूळ गाव कुंडल, हल्ली मुक्काम सातारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी दोष छातीत सांगितला आहे, डोक्यात नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही.

१. राहत्या दोन खोल्या व भांडीकुंडी पत्नी अंबूबाई हिच्या हयातीपर्यंत तिच्या. तिच्या पश्चात मुलगा कृष्णात याच्या.

२. सायकल, घड्याळ व पदके कृष्णातला आत्ताच द्यावीत. पत्र्याच्या डब्यातील कार्डांना मात्र त्याने हात लावू नये. एकदा त्याने त्यातली मूठभर बंब पेटवायला उचलली होती. म्हणाला, "आबा, भोकं पाडल्याला पुठ्ठा हाय नुसता." त्या दिवशी मी जेवलो नाही.

३. तो पुठ्ठा काय आहे ते लिहून ठेवतो. लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसात मी अकरा वर्षे कार्ड-यंत्रावर होतो. एका कार्डाला ऐंशी रकाने. कुठल्या रकान्यात कुठे भोक आहे, त्यावरून यंत्र माणसाचे नाव, जमीन, वारस वाचते. पेन्शनीवर आल्यावर साताऱ्यातल्या एका पुनर्वसन कचेरीने मला याच कामाला घेतले. तिचे नाव लिहून हा कागद घाण करत नाही. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या एकोणीस गावांतली घरटी माहिती आम्ही १९७२ साली वह्यांतून कार्डांवर चढवली. पुण्यात ती यंत्राच्या फितीवरही उतरली.

लगेच कचेरीचे मुख्य लालासाहेब यांनी मूळ वह्या रद्दीत काढायचा हुकूम दिला. मी म्हणालो, "साहेब, आधी कार्डांचा दुसरा संच करू. एक इथं, एक लांबच्या गावी. वर्षातनं एकदा यंत्रात घालून बघू, वाचतंय का."

"होवाळ, एका नवरीला दोन मांडव घालतोस व्हय रं?"

सगळी कचेरी हसली. वह्या हातगाडीवरून गेल्या. आठवड्याने फुटाणे घेतले, तर पुडीच्या कागदावर कुणाची तरी विहीर होती. फुटाणे गटारात टाकले.

मधल्या सुट्टीत, बाद ठरलेल्या कोऱ्या कार्डांवर, मी दुसरा संच पाडू लागलो. तीन गावे झाली, दोनशे चौदा घरे. मग लालासाहेबांनी पकडले. "नोकरी नको झालीया का?" मी थांबलो. पाडलेली कार्डे तेवढी पत्र्याच्या डब्यात घालून कुंडलला बहिणीकडे पोचवली. त्यांची मला किळस येते, पण त्या दिवशी थांबलेल्या माझ्या हातांची त्याहून जास्त येते.

कार्डांचे कपाट मोरीच्या भिंतीला टेकवलेले. चार पावसाळ्यांत कार्डे फुगली, बुरशीने एकमेकांना चिकटली. यंत्राने ती तोंडात घेतली नाहीत. पुण्याला लिहिले, तर उत्तर आले : "फितींचा तुटवडा असल्याने सदर फीत पुसून अन्य कामी वापरण्यात आली आहे."

त्यानंतर त्या तीन गावांपैकी एकातली राहीबाई नावाची विधवा कचेरीत आली. पर्यायी जमिनीच्या यादीत तिचे नाव नव्हते.

"आवं सायब, माझं घर पाण्यात ग्येलं, आन् तुमी म्हंताय त्ये कवा नव्हतंच?"

लालासाहेब म्हणाले, "नोंद नाही म्हणजे घर नाही, बाई."

मी रजा टाकून कुंडल गाठले. बहीण आक्काताईने माझा डबा माळ्यावर, कडुनिंबाचा पाला घालून, कोरडा ठणठणीत ठेवला होता. चौकशी अधिकाऱ्यासमोर मी राहीबाईचे कार्ड खिडकीच्या उजेडात धरले आणि भोके वाचू लागलो. जमीन दीड एकर. घर दोन खण. चिंच एक.

"व्हय," ती म्हणाली, "दारातच हाय." मग हळू म्हणाली, "व्हती."

दोनशे चौदा घरांना जमिनी मिळाल्या. मला सरकारी माल चोरल्याची नोटीस मिळाली आणि नोकरी गेली. लालासाहेबांना नोंदी सुरक्षित राखल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळाले. ते त्यांनी चौकटीत घालून भिंतीवर लावले आहे.

४. कार्डांचा डबा आक्काताईची मुलगी शालूबाई, शिक्षिका, वाई, हिला द्यावा. तिला भोके वाचता येतात. तिने दुसरा संच करून वेगळ्या गावी ठेवावा. कुठला रकाना कशाचा, तो तक्ता दोन्ही डब्यांत ठेवावा, नाहीतर कार्डे मुकी. दरवर्षी उघडून वाचावीत. ही यंत्रे मोडीत निघण्याआधी नव्या यंत्रावर उतरवून घ्यावीत, पण म्हणून जुनी फेकू नयेत. कुठलाही साहेब "मूळ द्या, बघून परत करतो" म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

५. बुरशी धरलेल्या कार्डांचा एक गठ्ठा मी कचेरीच्या उकिरड्यावरून आणला आहे. तो लालासाहेबांना द्यावा. पुसू नये, वास आहे तसाच राहू द्यावा.

६. उरलेल्या सोळा गावांची माणसे अजून कचेरीच्या पायऱ्या झिजवत आहेत. त्यांच्या नोंदी माझ्या डोक्यात जेवढ्या उरल्या तेवढ्या देतो. अर्जुना, सुतार, विहीर एक, आंबे सात. लक्ष्मीबाई, घर एक खण, वारस मुलगी. नानासो, जमीन तीन एकर, की सव्वातीन, खात्री नाही. धाकटे दोघे भाऊ, एकाच आवारात, नावे गेली. आणखी एक घर होते, दारात पांगळी म्हातारी बसायची. पुढचे आठवत नाही.

सातारा, दि. १२ नोव्हेंबर १९७८

सही : जालिंदर धोंडीबा होवाळ

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष सही केली :
१. जोतीराम नाथाजी होवाळ, कुंडल
२. भाऊसो आप्पासो यादव, सातारा