एमआरआयले मी नाई म्हटलं

मंगळवार, संध्याकाळ. सेक्टर सहा, भिलाई

नाई म्हंजे नाई, एमआरआय मी काढणार नाई. पोरगा अजून समोरच्या खोलीत भुनभुन करून राहिला, "आई, बडी मशीन है, सब दिखेगा." अरे, माह्यं नाक चोंदलं आहे, तुह्या प्लांटची भट्टी नाई!

सकाळी डॉक्टरनं एक्सरे उजेडाले धरला. गालामागं नुसतं पांढरं धुकं. मी म्हटलं, "साहेब, हे तं करपली नाई अशी भाकर दिसते." हासले बिचारे. म्हणे, सायनस पाहाले सीटीच बरा, हाडं अन् नाकातल्या बारीक वाटा साफ दिसतात. आत गाठ-बिठ असल्याचा संशय आला, तरच एमआरआय. मी पोराकडं पाहून डोळा मारला. चौथी शिकलेली बाई जितली!

पण सुनेनं विचारलंच, "आई, एमआरआयले इतक्या कावून भेता?"

म्हटलं, त्या बोगद्यात जीव घाबरते. खोटं बोलली.

सीटीले नाका-कानातलं काढलं का झालं. एमआरआयले अंगावरचं सारं धातूचं काढा, कपडे बदला, अन् सामान सुनेच्या हाती द्या.

ते पांढरं धुकं डोळ्यासमोरून जात नाई. सीटीत गाठच निघाली तं? तरी नाई.

हे गेले तवा बायायनं मंगळसूत्र उतरवलं. मी साऱ्यायले सांगतलं, सोनाराकडं मोडलं. मोडलं नाई. दोन्ही वाट्या सहा वर्षांपासून पोलक्याच्या आत पिनेनं लावून आहेत.